वाजलेल्या सुरांचा हिशेब कोणाच्या खर्चानें?



आमच्या छत्रपती संभाजीनगरांत पुंडलिकनगर म्हणून जी वस्ती आहे, तिच्या मुख्य रस्त्यावर सकाळीं सातच्या सुमारास उभें राहिलें तर एकाच वेळीं तीन-चार ठिकाणांहून गाणें ऐकूं येतें. चहाच्या टपरीवर एक, केशकर्तनालयांत दुसरें, उभ्या असलेल्या रिक्षांत तिसरें. आणि वारा अनुकूल असला तर गजानन महाराजांच्या मंदिराकडून येणारें चौथें. यांतील प्रत्येक गाण्याला कोणी तरी चाल लाविली आहे, हा विचार ऐकणाराच्या मनांत सहसा येत नाहीं. माझ्याहि मनांत तो फारसा येत नसे. परंतु गेल्या पावसाळ्यांत आमच्याच गल्लींतील एका तरुणानें मला एक प्रश्न विचारला, आणि तेव्हांपासून हा विषय माझ्या डोक्यांतून गेलेला नाहीं.

हा तरुण मुलांना पेटी शिकवितो, आणि उरलेल्या वेळांत लहानसहान चाली बांधून त्यांचें ध्वनिमुद्रण करतो. त्याची दीड मिनिटाची एक चाल, नुसतें बांसरी आणि तबल्याचें काम, त्याच्या नागपूरच्या आतेभावानें एका दूरचित्रवाणी वाहिनीवर निवेदनाच्या मागें वाजतांना ऐकली. पुढें महिन्याभरानें कोल्हापूरहून एका मित्राचा निरोप आला कीं, तेथेंहि तीच वाजली. चालीच्या कर्त्याला कोणी विचारलें नव्हतें, आणि एक पैहि मिळाली नव्हती. इतक्यांत एका परदेशी कंपनीचें पत्रक त्याच्या पाहण्यांत आलें. तुमची चाल आमच्याकडे ठेवा. आमचीं यंत्रें शेंकडों वाहिन्या रात्रंदिवस ऐकत असतात. ती जेथें जेथें वाजेल तेथील तारीख, वेळ आणि सेकंद आम्ही तुम्हांला कळवूं. मात्र वर्षाची वर्गणी आगाऊ भरली पाहिजे. तें पत्रक माझ्यापुढें ठेवून तो म्हणाला, “काका, माझीच चाल कुठें वाजली हें कळायला मींच पैसे भरायचे काय?”

मीं जन्मभर इतिहास शिकविला. कायदा शिकविला नाहीं. तेव्हां त्याला वकिलाकडे पाठवून मोकळें होणें शक्य होतें. पण विचार करतां असें दिसूं लागलें कीं, हा प्रश्न जितका कायद्याचा तितकाच इतिहासाचाहि आहे. आणि तो पुंडलिकनगरांत प्रथम विचारला गेला असेंहि नाहीं.

इ. स. १८४७ सालीं पॅरिस शहरांत एर्नेस्त बूर्जे नांवाचा एक गीतकार आपल्या मित्रांसह एका प्रसिद्ध उपाहारगृहांत बसला होता. तेथील गायकवादकांनीं नेमकें बूर्जेचेंच गीत सुरू केलें. त्यानें तें शांतपणें ऐकलें, पुढ्यांतील साखरपाणी पिऊन संपविलें, आणि बिल देण्याचें मात्र साफ नाकारलें. तुम्ही माझें गीत फुकट घेतां, तर मी तुमचें पेय फुकट कां घेऊं नये, असा त्याचा सरळ युक्तिवाद होता. प्रकरण न्यायालयांत गेलें आणि बूर्जे जिंकला. त्यांतूनच १८५१ सालीं फ्रान्समधील गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक यांची ‘सासेम’ ही संस्था उभी राहिली. ती आजहि चालू आहे.

ही गोष्ट बहुधा हक्काची कथा म्हणून सांगितली जाते. मला तिच्यांतील दुसरा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. बूर्जे त्या संध्याकाळीं तेथें बसला होता म्हणून त्याला कळलें. तो घरीं असता तर? त्याच वेळीं पॅरिसांतील दुसऱ्या दहा ठिकाणीं त्याचें गीत चाललें असेल, तर त्याचा पत्ता त्याला कसा लागणार? न्यायालय हक्क देतें, कान देत नाहीं. ती उणीव संस्थेनें भरून काढली. तिचे प्रतिनिधि गांवोगांव हिंडूं लागले. कोठें काय वाजतें याची टिपणें करूं लागले. या प्रतिनिधींचा खर्च कोणाच्या खिशांतून येत असे? जमलेल्या रकमेंतून तो आधीं वजा होई, आणि उरलेले पैसे सभासदांत वांटले जात. म्हणजे मोजणीचा खर्च पहिल्यापासून संगीतकारच सोशीत आला आहे. फरक इतकाच कीं, तो एकट्यानें न सोसतां सर्वांनीं मिळून सोसला, आणि पैसे हातीं आल्यावर सोसला, येण्यापूर्वीं नव्हे. हा फरक श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें तो कामीं येणार आहे.

इंग्लंड आणि अमेरिका या दोन्ही देशांत अशा संस्था १९१४ सालीं निघाल्या. अमेरिकेंतील संस्थेच्या आरंभींच्या काळांत व्हिक्टर हर्बर्ट या संगीतकारानें न्यूयॉर्कच्या एका उपाहारगृहावर फिर्याद केली. आम्ही संगीताबद्दल गिऱ्हाइकांकडून वेगळे पैसे घेत नाहीं, हा मालकाचा बचाव होता. १९१७ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति होम्स यांनीं तो उडवून लाविला. गिऱ्हाईक जेवणाची जी किंमत देतें तींत संगीताची किंमत आलेलीच आहे, असा त्यांच्या निकालाचा आशय आहे. आमच्या टपरीवाल्याला हें तत्त्व समजावून सांगण्याची माझी अद्याप हिंमत झालेली नाहीं.

आपल्याकडे कर्त्याची खूण कृतींतच गोंवून ठेवण्याची रीत फार जुनी आहे. येथून जवळच असलेल्या पैठणच्या एकनाथांनीं आपल्या अभंगांत शेवटीं गुरूच्या नांवासह स्वतःचें नांव गुंफिलें आहे. ख्यालाच्या बंदिशींत सदारंग, अदारंग यांच्या मुद्रा सांपडतात. भातखंड्यांनीं स्वतः रचिलेल्या चिजांत ‘चतुर’ हें नांव घातलें. गाणारा कोणीहि असो, गांव कोणतेंहि असो, मुद्रा गाण्याबरोबर जाते. आजच्या यंत्रयुगांत ध्वनिमुद्रणाच्या आंत कानाला न कळणारी एक सांकेतिक खूण मिसळून ठेवितात आणि ती यंत्रानें ओळखतात. ही त्या मुद्रेचीच धाकटी बहीण म्हणावयाची. परंतु मुद्रेनें कीर्ति पोंचविली, द्रव्य पोंचविलें नाहीं. तिचा तो हेतुहि नव्हता. आमच्या याच शहरांत अठराव्या शतकांत होऊन गेलेल्या सिराज औरंगाबादींच्या गझला आज हिंदुस्थानांत आणि पाकिस्तानांत गायिल्या जातात. त्यांची मुदत केव्हांच संपली आहे, त्यामुळें तेथें कोणाचें कांहीं देणें लागत नाहीं.

संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असें लिहून पुढें मूळ गाण्याचा उल्लेख करीत. अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ १८८० सालीं रंगभूमीवर आलें, तेव्हां पदांच्या चाली रूढ गाण्यांवरूनच घेतल्या जात होत्या. पुढें १९११ सालीं ‘मानापमान’ आलें. त्याला गोविंदराव टेंब्यांनीं संगीत दिलें, आणि चाल बांधणारा हा नाटककाराहून वेगळा एक कर्ता आहे, ही गोष्ट लोकांच्या ध्यानांत येऊं लागली. तरी नाटकाचा प्रयोग मोजणें सोपें होतें. तिकिटें विकलीं जात, जाहिरात लागे, तारीख ठरलेली असे. प्रयोग लपवून करतां येत नाहीं!

नभोवाणी आली आणि हें चित्र पालटलें. मुंबईचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. निजामाच्या राज्यांतहि हैदराबादेस आणि आमच्या औरंगाबादेस नभोवाणी केंद्रें होतीं. देश स्वतंत्र झाला तेव्हां संस्थानांत जीं पांच केंद्रें होतीं त्यांपैकीं हीं दोन. १९५० च्या एप्रिलमध्यें तीं आकाशवाणींत सामील झालीं. नभोवाणीनें संगीतकाराचें एका बाजूनें फार कठीण केलें, कारण गाणें एका खोलींतून निघून लाखों घरांत शिरलें. परंतु दुसऱ्या बाजूनें तिनें मोजणी सोपी केली. उपाहारगृहांत काय वाजतें याची वही कोणी ठेवीत नाहीं. केंद्रावर मात्र कोणती ध्वनिमुद्रिका किती वाजतां लाविली, किती मिनिटें चालली, हें कामाच्या सोयीसाठीं लिहून ठेवावेंच लागतें. मोजणारा आतां दारोदार हिंडावयास नको. वाजविणाराच्या घरांतच हिशेबाची वही तयार होते. इतिहासाच्या दृष्टीनें हा मोठा बदल होता, आणि त्याचा लाभ सरळपणें संगीतकारांना मिळावयास पाहिजे होता.

तसा तो मिळाला नाहीं. कारण वही असणें निराळें, आणि ती कोण वाचतो व कशी वाचतो हें निराळें. अमेरिकेंतील जुन्या संस्थेनें आपल्या वांटपासाठीं मुख्यतः मोठ्या प्रक्षेपण-जाळ्यांवरील प्रत्यक्ष गायनवादन धरलें. गांवोगांवच्या लहान केंद्रांवर ध्वनिमुद्रिका वाजत. त्यांत दक्षिणेकडील निग्रो गायकांचीं दुःखगीतें होतीं, डोंगराळ मुलखांतील शेतकऱ्यांचीं गाणीं होतीं. तीं लाखो लोक ऐकत. पण मोजणीच्या जाळ्यांत न आल्यामुळें त्यांचे कर्ते हिशेबाच्या दृष्टीनें नव्हतेच. १९४० च्या अखेरीस या संस्थेचा नभोवाणी कंपन्यांशीं असलेला करार संपला; तिनें दर बराच वाढवून मागितला, आणि कंपन्यांनीं १ जानेवारी १९४१ पासून तिच्या सभासदांचें संगीत वाजविणेंच बंद केलें. दहा महिने हा बहिष्कार चालला. त्या काळांत १८६४ सालीं वारलेल्या स्टीफन फॉस्टरचीं गाणीं इतकीं वाजलीं कीं, लोक त्यांची थट्टा करूं लागले. या झगड्यासाठीं कंपन्यांनीं १९३९ सालींच जी दुसरी संस्था काढून ठेविली होती, तिनें लहान केंद्रांच्या वह्याहि हिशेबांत धरल्या. म्हणतां म्हणतां त्या उपेक्षित गायकांचें आणि चाली बांधणारांचें नशीब उघडलें. अमेरिकेच्या लोकप्रिय संगीताचें पुढील वळण ठरविण्यांत मोजणीच्या या पद्धतीचा वाटा मोठा आहे. कोण मोजतो यावर कोण जगतो हें ठरतें. आमच्या गल्लींतील तरुणाचा प्रश्न क्षुल्लक नाहीं, तो याकरितां.

आतां आपल्या देशाकडे वळूं. येथें ध्वनिमुद्रिका कंपन्यांनीं १९४१ सालींच आपली संस्था काढली आणि मुद्रिका वाजविण्याचें शुल्क घेण्याची व्यवस्था लाविली. संगीतकार आणि गीतकार यांची संस्था, म्हणजे ‘इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी’, निघावयास १९६९ साल उजाडावें लागलें. मधल्या अठ्ठावीस वर्षांत काय झालें? १९४९ च्या ‘महल’ चित्रपटांतील लता मंगेशकरांच्या गाजलेल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचें नांव म्हणून चित्रपटांतील पात्राचें, ‘कामिनी’ असें नांव छापलें होतें. श्रोत्यांनीं पत्रें लिहून विचारलें तेव्हां खरें नांव बाहेर आलें. त्या गाण्याचे संगीतकार खेमचंद प्रकाश पुढच्याच वर्षीं वारले. १९५२ च्या सुमारास आकाशवाणीनें चित्रपटाचें नांव सांगणें ही जाहिरात ठरवून तें वगळलें. निर्मात्यांनीं रागावून परवानगी काढून घेतली. आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. १९५७ सालीं ‘विविध भारती’ निघाली आणि तीं गाणीं परत आलीं. फर्माईश करणाऱ्या कुटुंबांतील झाडून साऱ्या मंडळींचीं नांवें त्या वेळीं वाचून दाखविलीं जात. या देशांत गाणें कोणीं मागितलें याची नोंद इतक्या निगुतीनें ठेविली गेली. तें कितीदां वाजलें आणि त्यामुळें कर्त्याचें किती देणें झालें, याची मात्र कोणाला फिकीर नव्हती.

यापेक्षांहि विलक्षण गोष्ट कायद्याच्या पुस्तकांत होती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत ‘सांगीतिक कृति’ म्हणजे काय, तर जी लिहून, छापून वा चिन्हांनीं मांडून ठेविली आहे ती. चाल मनांत असली, गळ्यांत असली, सर्व देशाच्या ओठांवर असली, तरी कागदावर नसेल तर ती कायद्याला दिसत नसे. आतां गंमत पाहा. स्वरलेखनाची पद्धति या देशांत रुळविण्यासाठीं ज्या दोघांनीं आयुष्य वेंचलें, ते विष्णु दिगंबर पलुसकर आणि विष्णु नारायण भातखंडे, दोघेहि मराठी. पलुसकरांनीं १९०१ सालीं लाहोरास विद्यालय काढलें. भातखंड्यांनीं गांवोगांवच्या उस्तादांकडून चिजा मिळवून त्या क्रमिक पुस्तकांत उतरविल्या. पण मुंबईच्या चित्रपटव्यवसायांतील पुष्कळ संगीतकार चाल तोंडीं सांगत, आणि ती पाश्चात्य चिन्हांत लिहून काढण्याचें काम गोव्याहून आलेले वादक करीत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस काय, सेबास्टियन डिसोझा काय, या माणसांनीं चर्चच्या शाळेंत शिकलेली ती विद्या मुंबईच्या वाद्यवृंदांत आणली. कायद्याला जो कागद हवा होता तो त्यांच्या हातचा. आणि ध्वनिमुद्रिकेवर त्यांचें नांव शोधूं गेलें तर बहुधा सांपडत नाहीं. ज्यानें चाल केली त्यानें लिहिली नाहीं, ज्यानें लिहिली त्याची ती नव्हती. ही व्याख्या १९९४ सालीं बदलली. सदतीस वर्षें ती तशीच होती.

संस्था निघाल्यावरहि मार्ग सोपा झाला नाहीं. तिनें आपले दर जाहीर करतांच चित्रपटगृहांच्या आणि निर्मात्यांच्या संघटनांनीं हरकत घेतली. प्रकरण कलकत्त्याच्या उच्च न्यायालयांतून सर्वोच्च न्यायालयांत गेलें, आणि १९७७ च्या मार्चमध्यें निकाल लागला कीं, निर्मात्यानें मोबदला देऊन संगीत करवून घेतलें असेल आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक निर्माताच होय. न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं निकालाशीं सहमत होऊनहि एक स्वतंत्र टिपण जोडलें. हिंदुस्थानी संगीतांत गळा आणि सूर हेंच सर्वस्व असतां कायदा मात्र कागदावरील चिन्हें पाहतो, याबद्दल त्यांनीं तींत खेद दर्शविला आणि कायदेमंडळाचें लक्ष वेधलें. कायदेमंडळाचें लक्ष पुरतें वेधलें जावयास पस्तीस वर्षें लागलीं. २०१२ च्या दुरुस्तीनें असें ठरलें कीं, चित्रपटासाठीं केलेलें गीत वा चाल चित्रपटगृहाबाहेर वापरली गेली, तर तिच्या उत्पन्नांतील कर्त्याचा समान वाटा त्याला करारानें सोडूनहि देतां येणार नाहीं. राज्यसभेंत जावेद अख्तर यांनीं या दुरुस्तीचा पाठपुरावा केला होता. २०१७ सालीं संस्थेची नव्या कायद्याखालीं नोंदणी झाली. आणि २८ एप्रिल २०२३ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें दोन खाजगी नभोवाणी कंपन्यांविरुद्ध अंतरिम आदेश देतांना, ध्वनिमुद्रिकेचे पैसे दिले म्हणजे गीतकार-संगीतकारांचें देणें फिटलें असें होत नाहीं, ही गोष्ट मान्य केली.

त्याच २०१२ च्या दुरुस्तींत प्रक्षेपकांसाठीं एक कलम घातलें आहे, आणि आपल्या प्रश्नाशीं त्याचा निकटचा संबंध आहे. मालकाची वेगळी परवानगी न घेतां, कायद्यानें ठरविलेल्या दरानें जो प्रक्षेपक गीतें वाजवूं इच्छितो, त्यानें कर्त्यांचीं आणि प्रमुख कलावंतांचीं नांवें सांगावीं, काय वाजविलें याची नोंद ठेवावी, हिशेब मालकाला द्यावा, आणि मालकानें वा त्याच्या प्रतिनिधीनें मागितल्यास वह्या तपासूं द्याव्या. म्हणजे कायद्याचा कल स्पष्ट आहे. वाजविणारानें मोजावें, कर्त्यानें तपासावें.

मग त्या परदेशी कंपनीला पैसे देण्याचें कारणच काय उरलें? उरलें आहे, आणि तें नाकारण्यांत अर्थ नाहीं. नोंदवहींत चित्रपटगीत बहुधा उतरतें; त्याला नांव असतें, गायक असतो. परंतु निवेदनामागें अर्धा मिनिट वाजलेली अनाम बांसरी कोण लिहितो? कार्यक्रमाच्या संकलकानें ती कोणत्या तरी संग्रहांतून उचललेली असते. त्याला स्वतःलाच तिचा कर्ता ठाऊक नसतो. जुन्या काळांतील गोव्याच्या वादकांसारखाच हा आजचा वर्ग आहे: काम ऐकूं येतें, माणूस दिसत नाहीं. यंत्र येथेंच उपयोगी पडतें. ध्वनिमुद्रणाचे बारीक तुकडे करून प्रत्येक तुकड्यांतील ठळक स्वरकंपनांचा एक आंकडेबद्ध ठसा तें तयार करतें, आणि प्रक्षेपणांतून येणारा ध्वनि त्या ठशांशीं ताडून पाहतें. २००२ च्या सुमारास ही विद्या इंग्लंडांत सामान्य माणसाच्या दूरध्वनीपर्यंत पोंचली. तेथें दूरध्वनि गाण्यासमोर धरला कीं गाण्याचें नांव उलट येत असे. अमेरिकेंत दूरचित्रवाणीसाठीं संगीत करणाऱ्या एका संगीतकारानेंच पुढें भागीदारीनें अशी नोंद पुरविणारी कंपनी काढली. संस्थेच्या हिशेबावर विसंबून राहण्यांत आपलें नुकसान होतें, ही शंका त्यामागें होती.

यंत्राच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. ठसा असतो तो ध्वनिमुद्रणाचा, चालीचा नव्हे. सुधीर फडक्यांच्या आवाजांतील गीतरामायण वाजलें तर यंत्र ओळखील. तीच चाल एखाद्या गांवच्या गायकानें रामनवमीस आपल्या पट्टींत म्हटली तर ठसा जुळणार नाहीं. हीं छप्पन्न गीतें १९५५-५६ सालीं पुणें केंद्रासाठींच माडगूळकरांनीं लिहिलीं आणि फडक्यांनीं स्वरबद्ध केलीं. तेव्हांपासून तीं घरोघरच्या गळ्यांत बसलेलीं आहेत. संगीतकाराचा हक्क चालीवर आहे, आणि यंत्राची नजर मुद्रणावर. निवेदकाचा आवाज चढला, गति बदलली, तुकडा फार लहान असला, तरी यंत्र चुकूं शकतें. शिवाय सापडलेली नोंद म्हणजे पैसे नव्हेत. ती नोंद संस्थेनें मान्य केली पाहिजे, वाहिनीनें देणें कबूल केलें पाहिजे. कंपनी मात्र आपली वर्गणी आधींच घेऊन बसलेली असते. समजा, वर्षाची वर्गणी सहा हजार रुपये आहे आणि एका वादनाचे त्याला साठ रुपये मिळतात; तर शंभर वादनें सिद्ध होऊन वसूल होईपर्यंत तो तोट्यांतच आहे. हे आंकडे मीं केवळ उदाहरणादाखल घेतले. पण ज्याचीं गाणीं दिवसाला शंभरदां वाजतात त्याला ही वर्गणी चिल्लर, आणि ज्याची चाल वर्षांतून दहादां वाजते त्याला ती महिन्याचा किराणा, हें सांगावयास आंकड्यांची गरज नाहीं.

या प्रश्नाचा विचार करतांना मला राहून राहून आमच्या जाधववाडीच्या बाजारांतील तराजू आठवतो. शेतकरी माल घेऊन येतो. माल त्याचा, पण तराजू पूर्वीं व्यापाऱ्याचा असे. माप मारलें जाई, वर तोलाई शेतकऱ्याच्याच पट्टींतून कापली जाई. यावर उपाय म्हणून वऱ्हाडांत १८९७ सालीं कापूस आणि धान्य यांच्या बाजारांसाठीं कायदा झाला. मुंबई इलाख्यांत १९२७ सालीं कापसाच्या बाजाराचा झाला. निजामाच्या राज्यांतहि १९३० सालीं शेतमालाच्या बाजारांचा कायदा आला. या कायद्यांनीं शेतकऱ्याला सांगितलें नाहीं कीं, बाबा, तूं घरून आपला तराजू घेऊन ये. त्यांनीं परवानाधारक मापाडी उभा केला. तो शेतकऱ्याचाहि नोकर नव्हे आणि व्यापाऱ्याचाहि नव्हे. उघड्यावर, सर्वांसमक्ष माप करावयाचें आणि चिठ्ठी द्यावयाची. तोलाई कोणीं द्यावी यावर अद्यापहि तंटे होतात, हें खरें. पण माप कोणाच्या हातीं असावें, हा वाद संपला.

संगीताच्या बाजारांत असा मापाडी अजून उभा राहिलेला नाहीं. म्हणून माझें मत असें झालें आहे. मोजणीच्या यंत्राचा खर्च मुळांत प्रक्षेपकाचा, कारण संगीत वापरून उत्पन्न तो मिळवितो आणि नोंदीचें कर्तव्य कायद्यानें त्याच्यावर टाकिलें आहे. यंत्र चालवावें तें संस्थेनें, सर्व सभासदांसाठीं, आणि त्याचा जो भाग प्रक्षेपकाकडून वसूल होणार नाहीं तो जमलेल्या एकंदर रकमेंतून वजा व्हावा. बूर्जेच्या सोबत्यांनीं घालून दिलेली रीत तीच. एकट्या संगीतकारावर आगाऊ वर्गणीचा भार टाकणें मला अन्यायाचें वाटतें; कारण मग ज्याच्यापाशीं पैसा आहे त्याचेंच संगीत मोजलें जाईल, आणि अमेरिकेंतील लहान केंद्रांवरच्या त्या गायकांसारखे आमचे लोक पुन्हां हिशेबाबाहेर राहतील. मात्र एखाद्यानें प्रक्षेपकाच्या वहीवरील तपासनीस म्हणून असें यंत्र स्वखर्चानें लाविलें आणि त्यांत वहीची चूक सिद्ध झाली, तर तो खर्च चूक करणारानें भरून द्यावा, इतकी तरतूद तरी नियमांत असावयास हवी. दाव्यांत जिंकणाराला खर्च देवविण्याची पद्धति न्यायालयांत आहेच.

हें सर्व मीं त्या तरुणाला सांगितलें. त्यानें ऐकून घेतलें आणि म्हणाला, “पण काका, हें व्हायला किती वर्षें लागतील?” मीं नुकताच त्याला १९५७, १९७७, १९९४ आणि २०१२ असे सन सांगितले होते, तेव्हां उत्तर देण्याचें धाडस मला झालें नाहीं.

शेवटीं त्यानेंच मार्ग काढला. प्रथम त्यानें आपल्या एकूण अकरा चाली भातखंडे पद्धतीनें वहींत लिहून काढल्या, तारखा घातल्या, आणि संगीतकारांच्या संस्थेकडे सभासदत्वाचा अर्ज केला. मग गारखेडा, जवाहर कॉलनी आणि सिडको या भागांतील आणखी सहा जणांना गांठून त्यांच्याबरोबर त्या कंपनीची एका वर्षाची वर्गणी भागानें भरली. कोणाची किती नोंद झाली याची यादी दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं आमच्या ओसरीवर वाचली जाते. पहिल्या यादींत त्याच्या बांसरीच्या चालीचीं चार वादनें निघालीं, तीं सर्व एकाच वाहिनीवरचीं. पांचवें यंत्राला ओळखतां आलें नाहीं. चालीवर एका मसाल्याच्या जाहिरातीचा आवाज चढविलेला होता. तें त्याच्या जालन्याच्या मावशीनें स्वयंपाक करतांना ऐकलें, आणि वेळ भिंतीवरील कालनिर्णयाच्या मागें लिहून ठेविली होती.